मुरण्याचे दोन मार्ग

'मुरणे' हे क्रियापद आपल्या भाषेत फार ठिकाणी उपयोगी पडते. लोणचे मुरते, पाऊस जमिनीत मुरतो, आणि एखाद्या व्यवसायात आयुष्य काढलेल्या माणसास आपण मुरलेला म्हणतो. निपाणीतील तंबाखूच्या वखारी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस राखून ठेवलेल्या मालाचे मोल वेगळे सांगावयास नको. परंतु मुरल्याने मूल्य वाढते म्हणजे नेमके काय होते? नुसती वर्षे उलटणे पुरेसे असते, की त्या वर्षांत काही घडावे लागते? या प्रश्नाच्या विचारासाठी आम्ही काहीसे अनपेक्षित उदाहरण घेत आहोत. ते आहे भाजलेल्या मांसासोबत घोटाघोटाने घेतल्या जाणाऱ्या दोन मद्यांचे, व्हिस्कीचे आणि मुरविलेल्या टकिलाचे. ज्यांना हा विषय वर्ज्य आहे, त्यांनी तो केवळ दृष्टान्त समजावा.

माल्ट व्हिस्की जवापासून होते. जवाचे पीक काही महिन्यांत हाती येते. खरा काळ जातो तो ऊर्ध्वपातनानंतर, ओकच्या लाकडी पिपात. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे किमान 3 वर्षे पिपात राहिल्याखेरीज त्या मद्यास स्कॉच व्हिस्की म्हणता येत नाही. तिचा रंग आणि सुगंधाचा फार मोठा भाग लाकडाकडून येतो. म्हणजे व्हिस्की जन्मानंतर मुरते. तिला संगत घडविते.

टकिलाचे नेमके उलट आहे. मेक्सिकोतील हालिस्को राज्यात आणि इतर काही ठरावीक प्रदेशांतच ती होते, आणि तिच्यासाठी अगेव्ह लागते तेही निळेच. ही वनस्पती म्हणजे आपल्या घायपाताची बहीण. दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात बांधावर आणि रेल्वेमार्गाच्या कडेला घायपात आपण पाहत आलो. तिच्या वाखाचे दोर वळले जात. तिचे मूळही अमेरिका खंडातलेच. निळे अगेव्ह पक्व होण्यास साधारण 6-7 वर्षे लागतात. ते आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते. म्हणून फुलोऱ्यावर शक्ती खर्च होण्यापूर्वीच त्याचा गड्डा काढून भट्टीत शिजवितात. अशा टकिलास पिपात किमान 2 महिने ठेवले तर 'रेपोसादो' आणि किमान 1 वर्ष ठेवले तर 'आन्येहो' म्हणतात. किमान 3 वर्षांचा 'एक्स्ट्रा आन्येहो' हा वर्ग 2006 साली मान्य झाला. टकिलाचे मुरणे जन्मापूर्वीच, शेतात, बरेचसे होऊन गेलेले असते. तिला मुख्यतः माती घडविते.

मग वयाचे माप कोणते धरावे? स्कॉटलंडच्या थंडीत पिपातील मद्य वर्षाला सुमारे 2 टक्के उडून जाते. त्यास तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. बेंगळूरच्या हवेत हेच प्रमाण 10 ते 12 टक्क्यांपर्यंत जाते. त्यामुळे 2004 साली ग्लासगोत प्रथम विक्रीस गेलेली बेंगळूरची अमृत सिंगल माल्ट थोड्या वर्षांतही परिपक्व ठरली. अधिक काळ ठेवली असती तर लाकूडच उरले असते. शिवाय स्कॉच असो वा टकिला, रंगासाठी कॅरॅमल घालण्यास कायद्याची परवानगी आहे. म्हणजे बाटलीवरील वर्षांचा आकडा सर्वत्र सारखे बोलत नाही, आणि रंग तर खोटेही बोलू शकतो.

आता ताटाकडे वळू. आपल्या तांबड्या रश्श्यापुढे ही दोन्ही मद्ये निष्प्रभ होतात. मिरचीची आग मद्याने अधिकच भडकते. त्यांना हवा असतो केवळ मीठ-मिरे लावून विस्तवावर भाजलेला जाड काप, ज्यास पाश्चात्त्य स्टेक म्हणतात. तोही उतरविल्यावर काही मिनिटे तसाच ठेवावा लागतो. मांसातील चरबी मद्याचा तिखटपणा मऊ करते. धुरकट व्हिस्की अशा वेळी विस्तवाचीच चव पुन्हा सांगते; ती भोजनोत्तर, स्वतंत्रपणे अधिक शोभते. आन्येहो मात्र शिजलेल्या गड्ड्याची गोडी आणि मिऱ्यासारखी झणक घेऊन मांसास उत्तर देते. आमच्या मते ताटाशेजारी तीच बरी. पण तिलाही मर्यादा आहे. पिपात फार वर्षे राहिलेल्या टकिलात अगेव्ह ओळखू येत नाही. ती व्हिस्कीची नक्कल होऊन बसते. गंमत अशी, की पुष्कळदा दोघींचे पीपही एकच असते, अमेरिकेतील बर्बनचे वापरलेले.

येथे आमचा मूळ प्रश्न आपल्या दाराशी येतो. बेळगाव-निपाणीच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली आपली घराणी कानडी भाषेच्या संगतीत मुरली आहेत. आपल्या मराठीत कानडी शब्द आहेत, हेल आहे, स्वयंपाकघरात त्यांच्या चवी आहेत. काहींना हा ऱ्हास वाटतो, काहींना केवळ समृद्धी. आम्हांस वाटते, दोन्ही निवाडे घाईचे आहेत. पिपाचा गुण घेण्यात कमीपणा नाही. न घेणारे मद्य कोवळेच राहते. पण गुण घेता घेता मूळ गड्डा ओळखू येईनासा झाला, तर ते मुरणे नव्हे, विरणे होय. नातवंडांना आजीची मराठी कळते काय, एवढीच त्याची साधी कसोटी आहे.

एक आक्षेप उरतो. कर्नाटकात 2007 साली अर्राक बंद झाली, कारण तिने असंख्य कष्टकऱ्यांची घरे धुळीस मिळविली होती. अशा प्रदेशात मद्याच्या चवीची चर्चा करणे शोभते काय? ऊस तोडून, गाडी भरून आलेला मजूर पेला एका दमात रिकामा करतो, तो त्यास चव कळत नाही म्हणून नव्हे. चवीसाठी लागणारी फुरसत त्याच्यापाशी नसते. तेव्हा घोटाघोटाने घेणाऱ्याने स्वतःस अधिक सज्जन समजू नये. उलट ज्यास फुरसत लाभली, त्याच्यावर थांबण्याची जबाबदारी अधिक आहे. शेतात आणि पिपात कोणीतरी त्याच्यासाठी वर्षानुवर्षे थांबले आहे. त्याने निदान दुसऱ्या पेल्यापाशी थांबावे.

वयोवृद्धांनाही हेच लागू पडते. आमचे ऐकावे असे आम्ही तरुणांस सांगतो, ते वर्षांच्या आकड्यावर नव्हे. त्या वर्षांत आम्ही काय टिकविले आणि काय स्वीकारले, यावर त्यांनी आम्हांस पारखावे.