घरचें लग्न

'घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून' ही म्हण ज्या कोणीं प्रथम उच्चारली, त्याच्या हातांत त्या वेळीं हिशेबाची वही असली पाहिजे. घर बांधलें म्हणजे निदान डोक्यावर छप्पर तरी राहतें. लग्नाचा मांडव चार दिवसांत उतरतो आणि मागें राहतात त्या पावत्या. असें असूनहि जो गृहस्थ वर्षभर भाजीच्या जुडीमागें दोन रुपयांची घासाघीस करतो, तोच मुलीच्या लग्नांत हात आंखडता घेण्यास शरमतो. ही शरम खरी कीं खोटी, आणि थोडक्यांत उरकलेलें लग्न हें विवेकाचें लक्षण कीं कृपणतेचें, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा प्रश्न आमच्यापुढें आला तो ग्रंथांतून नव्हे; एका स्नेह्यांच्या घरीं चहा घेतांना आला. हे गृहस्थ एका जिल्ह्याच्या गांवीं कारकून. निवृत्तीस दोन वर्षें उरलेलीं. थोरल्या मुलीचें लग्न ठरलें. मंगल कार्यालय, केटरर, सजावट, छायाचित्रकार, मानपान असा अंदाज मांडतां आंकडा सात लाखांवर गेला. गांठीं होते दोन लाख. उरलेले पतपेढींतून काढण्याचें त्यांनीं मनाशीं ठरविलेंहि होतें. तेव्हां मुलगी म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नाचे हप्ते तुम्ही पेन्शनींतून फेडणार असाल, तर मला त्या मांडवांत उभें राहवणार नाहीं." गृहस्थ उत्तरले, "अग, पण आजवर आपण शंभर घरीं जेवून आलों. त्यांना कोणत्या तोंडानें भेटूं?"

बापाचें हें बोलणें पोकळ प्रतिष्ठेचें म्हणून सोडून देणें सोपें आहे. पण तें न्यायाचें होणार नाहीं. आपल्याकडे पंगत हें परस्परांचें ऋण आहे. ज्याच्या घरीं आपण बारशाला, मुंजीला, लग्नाला जेवलों, त्याला आपल्या दारीं बोलावून पानावर बसवावें, ही भावना हलकी नव्हे. शिवाय जो मनुष्य जन्मभर दुसऱ्याच्या टेबलापुढें उभा राहिला, त्याला उजळ माथ्यानें यजमान म्हणून उभें राहण्याचा दिवस बहुधा एवढाच येतो. त्याला काटकसरीचा उपदेश करण्यापूर्वीं उपदेशकानें आपल्या घरचे समारंभ आठवावे.

या बाबतींत इतिहासाचा एक दाखला उद्बोधक आहे. 1875 सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांवर उठाव केला व कर्जरोखे जाळले. त्या दंग्यांची चौकशी करण्यास सरकारनें जें मंडळ नेमिलें, त्याचा अभिप्राय असा पडला कीं, शेतकऱ्याच्या कर्जाचें कारण म्हणून लग्नकार्यांच्या खर्चाला वाजवीपेक्षां अधिक महत्त्व दिलें जातें. तो खर्च कर्जाच्या खात्यांत असतो खरा. पण कर्जाचें मूळ बहुधा तेथें नसतें. गरीब मनुष्य उधळ्या आहे म्हणून गरीब आहे, असें म्हणणें श्रीमंतांस नेहमींच सोयीचें वाटत आलें आहे.

परंतु याच प्रांतांत, याच काळांत, थोडक्या खर्चाच्या लग्नाला एक निराळाच अर्थ प्राप्त झाला होता. 1873 सालीं जोतीराव फुल्यांनीं सत्यशोधक समाज स्थापिला आणि त्या समाजानें पुरोहितावांचून, साध्या रीतीनें विवाह लावण्यास आरंभ केला. तेथें केवळ पैसे वांचविण्याचा हेतु नव्हता. 'अमक्यावांचून आमचें अडतें' ही समजूत तोडावयाची होती. आज कायद्याच्या दृष्टीनें पाहिलें तर 1954 च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणें तीस दिवसांची नोटीस, अधिकाऱ्यापुढील घोषणा आणि तीन साक्षीदार एवढ्यावर विवाह सिद्ध होतो. म्हणजे लग्नास अवश्य असें फारच थोडें आहे. त्यापलीकडे आपण जें करतों तें एक तर देणें असतें, नाहीं तर दाखविणें असतें. आणि देणें पैशानेंच फिटतें असें थोडेंच आहे?

पूर्वीं लग्न घरचेंच असे. मांडवाच्या मेढी शेजारी रोवीत. घाणा भरण्यास आणि जात्यावर हळद दळण्यास आळींतल्या बायका जमत. पत्रावळी घरीं लावीत. रुखवतांत मांडलेले सांडगे, शेवया, कुरड्या आणि विणकाम मुलीच्या व तिच्या माणसांच्या हातचें असे. आज तें रुखवतहि बाजारांत तयार मिळतें, आणि भाड्यानेंहि मिळतें! तथापि त्या काळाचें सोंवळें चित्र रंगविण्याची आमची इच्छा नाहीं. त्याच मांडवाखालीं बलुतेदारांची स्वस्त राबणूक होती, आणि घरांतल्या विधवेनें रात्रभर रांधून सकाळीं अक्षतांच्या वेळीं आड व्हावें ही रूढीहि होती.

आमच्या स्नेह्यांच्या घरीं अखेर मुलीचें म्हणणें मान्य झालें. गांवच्या देवळाचा सभामंडप घेतला. पाहुणे दीडशें. आचारी एकच, बेत मसालेभात, मठ्ठा आणि जिलबी, वाढावयास भाचे-पुतणे. आमंत्रणें धाकट्या भावानें सुरेख अक्षरांत हातानें लिहिलीं. मुंडावळ्या मोगऱ्याच्या, घरीं ओंवलेल्या. शिक्षकीण असलेल्या आत्यानें शार्दूलविक्रीडितांत मंगलाष्टकें रचलीं. दोन ठिकाणीं मात्रा चुकल्या, पण वधूच्या आजीचें नांव त्यांत बरोबर बसलें होतें. कर्ज काढावें लागलें नाहीं. आम्हींहि या उदाहरणाची चार ठिकाणीं वाखाणणी केली.

ती वाखाणणी किती उथळ होती हें आम्हांस लग्नाच्या आठ दिवस आधीं कळलें. रात्रीं अकराच्या सुमारास कांहीं कामानें त्यांच्याकडे गेलों, तों मुलीची आई एकटीच स्वयंपाकघरांत बेसन भाजीत बसलेली. पाहुण्यांना द्यावयाचे तीनशें लाडू ती घरींच करणार होती. मनगटें सुजलेलीं. आम्ही कौतुकाचें कांहींसें बोललों, तेव्हां ती हंसून म्हणाली, "भाऊजी, पैसे वांचले खरे, पण ते कोणाच्या हाडांतून वांचले, तें वहींत लिहीत नाहींत."

या वाक्यानें आमचा सारा युक्तिवाद उलटा केला. केटररच्या बिलांत निदान मजुरी दिसते. घरच्या लाडवांत ती दिसत नाहीं, म्हणून ती नाहींच असें आपण धरून चालतों. ज्या काळीं दहा बायका जात्याभोंवतीं बसत त्या काळीं हें ओझें वांटलें जाई. आज जावा-नणंदा नोकरीवर, आणि 'घरगुती' या गोड शब्दाखालीं सगळें एकीच्या अंगावर पडतें. दुसऱ्याच्या श्रमावर केलेली बचत ही काटकसर नव्हे. ती उधारी आहे, आणि तिचा सावकार कधीं तगादा लावीत नाहीं एवढेंच. हाच न्याय दोन्ही पक्षांस लागतो. वधूपक्षानें खर्च आंवळावा आणि वरपक्षानें मानपान मोजून घ्यावा, हा साधेपणा नव्हे. 1961 सालच्या कायद्यानें हुंडा देणें आणि घेणें हे दोन्ही गुन्हे ठरविले. तरी 'हौस' या नांवाखालीं तीच वसुली चालते.

आईचें बोलणें मुलीच्या कानीं गेलें. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं बाप, भाऊ आणि खुद्द नियोजित जांवई लाडू वळावयास बसले. जांवयाचे लाडू प्रथम फुटत होते; अर्धे बेसन त्याच्या घरीं पाठविलें गेलें आणि तेथें त्याच्या वडिलांनींहि बाह्या सारल्या. लग्न पार पडलें. एक चुलत मामा मान राहिला म्हणून न जेवतां गेले, आणि आमच्या स्नेह्यांच्या मनांतला तो कांटा अद्याप निघालेला नाहीं, हेंहि आम्हांस सांगितलें पाहिजे. साध्या लग्नाचीहि किंमत असते.

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर आम्हांस असें दिसतें. लग्न थोडक्यांत केलें कीं थाटांत, यावरून त्याची नीति ठरत नाहीं. ज्याचें त्यानें आपण होऊन सोडलें असेल, राबणारांनीं ओझें वांटून घेतलें असेल, आणि दारीं आलेला मनुष्य उपाशी वा उपेक्षित गेला नसेल, तर तें लग्न दीड लाखांत झालें तरी उदारच म्हणावें. आणि यांतलें कांहीं चुकलें, तर सात लाखांचें लग्नहि कृपणच.

लग्नानंतर आमच्या स्नेह्यांनीं आम्हांस हिशेबाची वही दाखविली. शेवटच्या पानावर रकमा नव्हत्या, नांवें होतीं. कोणीं मुंडावळ्या ओंवल्या, कोणीं पाणी भरलें, कोणीं पानें वाढलीं. सर्वांत वर पत्नीचें नांव. "हें देणें राहिलें आहे," ते म्हणाले, "याच्या-त्याच्या कार्यांत जाऊन फेडावें लागेल." आणि पत्नीच्या नांवापुढची जागा त्यांनीं कोरी ठेवली होती.