पाहिले, रडलो, पुढे?



मागच्या महिन्यात एका रविवारी आपल्या युवक-युवतींना चर्चच्या हॉलमध्ये 'ब्लू प्लॅनेट टू' ह्या बीबीसीच्या २०१७ सालच्या मालिकेतील एक भाग दाखवला. त्यात एक देवमाशीण आपले मेलेले पिल्लू सोडायला तयार नसते. त्याला घेऊनच ती पोहत राहते. समुद्रातील प्रदूषणामुळे आईचे दूधच विषारी झाले असावे, अशी शक्यता निवेदक डेव्हिड ॲटनबरो बोलून दाखवतात. आपल्या काही मुलींनी डोळे पुसले.

नंतर थर्माकोलच्या डिशमध्ये अल्पोपाहार झाला. सोमवारी सकाळी पाहतो तर त्याच डिश आवारामागच्या गटारात तरंगत होत्या. मुलांना चार शब्द सुनवायचे ठरवले आणि थबकलो. डिश मागवल्या कोणी? मीच. महाराष्ट्रात २०१८ पासून त्यांवर बंदी आहे, हे ठाऊक असूनही.

मग प्रश्न पडतो, निसर्गाचे माहितीपट पाहून माणूस खरोखर बदलतो का? ह्याच मालिकेविषयी ब्रिटनमधील संशोधकांनी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. मालिका पाहणाऱ्यांचे पर्यावरणाविषयीचे ज्ञान वाढले. पण वस्तू निवडताना त्यांनी प्लॅस्टिक काही कमी केले नाही.

ॲरिस्टॉटलने हे फार पूर्वी ओळखले होते. घरे बांधता बांधता माणूस गवंडी होतो, तसाच न्यायाने वागता वागता न्यायी होतो. सद्गुण हाताला लागलेल्या सवयीतून येतो, नुसत्या पाहण्यातून नाही. उलट, डोळ्यांत पाणी आले की आपले कर्तव्य झाले, असे मनाला वाटू लागते. धोका तिथे आहे.

ह्यात माहितीपटाचा दोष नाही. आपली मुले ज्या खोल समुद्रात कधी उतरणार नाहीत, तो त्यांना दिसतो. परमेश्वराच्या निर्मितीविषयी मनात विस्मय जागा होणे ही चांगलीच सुरुवात आहे. पण ती सुरुवातच. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला आधी याजकानेही पाहिले होते. पाहून तो बाजूने निघून गेला. याजक म्हणून तो दाखला मला आता अधिक बोचतो.

पुढच्या कार्यक्रमापासून हॉलमध्ये स्टीलच्या ताटल्या असतील. त्या धुण्याची पहिली पाळी माझी. दुसरी कोणाची, ते युवकांनी ठरवावे.

आपला,
धर्मगुरू