शुद्धी कोणाच्या जिवावर?

धर्मशास्त्रात शौच हा आचाराचा पाया मानला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे सविस्तर नियम आहेत : तांबे, पितळ, कथिल यांची शुद्धी क्षाराने, आम्लाने आणि पाण्याने करावी, काही लोकरी वस्त्रे रिठ्याने धुवावीत. हे नियम रसायनशास्त्राच्या कसोटीलाही उतरतात. चिंचेतले टार्टारिक आम्ल तांब्यावरचा काळपट ऑक्साइड विरघळवते, राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटने भांड्याचा ओशटपणा सुटतो आणि रिठ्यातले सॅपोनिन साबणासारखा मळ उचलते. मात्र याच परंपरेत जन्मावरून माणसाला अशुद्ध ठरवणारे सोवळे-ओवळेही रुजले. त्याचा मळाशी काडीचाही संबंध नव्हता.

मग शुद्धी हे स्वयंपूर्ण मूल्य आहे, की ती कशी मिळवली याचाही हिशेब द्यावा लागतो? पतंजलीच्या योगसूत्रांत शौच हा पहिला नियम आहे. पण नियमांच्या आधी यम येतात आणि यमांत पहिली अहिंसा. हा क्रम घरातल्या मोरीलाही लागू आहे.

संडास घासण्याच्या द्रावणात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते, ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. आपापल्या जागी दोन्ही उपयोगी. डाग निघत नाही म्हणून एकावर दुसरे ओतले, की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात ईप्रच्या रणांगणावर सोडला गेला, तोच हा वायू. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने फरशीलगत साचतो, आणि उकिडवे बसून फरशी घासणाऱ्या बाईचे नाक त्या थराच्या सर्वांत जवळ असते. डोळे झोंबतात, घसा आवळतो, मात्रा वाढली तर फुफ्फुसांत पाणी भरते. ब्लीच अमोनियात मिसळले तर क्लोरामाइन तयार होते, तेही विषारीच.

बाटली निवडते मालकीण, श्वास जातो कामवालीचा. अशा स्वच्छतेला शौच म्हणता येणार नाही, फरशी कितीही लखलखीत दिसो.

म्हणून एका वेळी एकच द्रावण वापरावे, खिडकी उघडी ठेवावी, हातमोजे द्यावेत. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ॲसिड कधीही भरून ठेवू नये. आणि बाटलीवरची इंग्रजी सूचना कामाला येणाऱ्या बाईंना त्यांच्या भाषेत आधी समजावून सांगावी.