सरळ केसांचा दंडक

गोव्यातल्या शिरगावच्या लईराई देवीला मोगऱ्याचा मान. वैशाखातल्या जत्रेत धोंडांच्या, म्हणजे देवीच्या व्रतस्थ भक्तांच्या, गळ्यात मोगऱ्याच्या माळा असतात, बायकांच्या वेणीत गजरे. गजरा शोभायचा तर केस लांब, सरळ आणि खोबरेल तेल लावून चापूनचोपून बसवलेले हवेत, हे आपल्याकडे लहानपणीच मनात ठसतं. मुळातच घट्ट कुरळे केस असलेल्यांचं काय, हा प्रश्न सहसा पडत नाही.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांना तो पिढ्यानपिढ्या पडत आला. गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांची मुलगी, कपडे धुऊन पोट भरणारी मॅडम सी. जे. वॉकर हिनं 1906 च्या सुमारास केसांच्या मलमाचा आणि तापवलेल्या कंगव्याचा धंदा उभारला. हजारो बायकांना तिनं विक्रीचं काम देऊन कमावतं केलं. त्या काळी चापूनचोपून बसवलेल्या केसांवर नोकरी आणि इभ्रत अवलंबून होती. वॉकरबाईंना आज दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. साठच्या दशकातल्या तरुणांनी मात्र तो दंडकच झुगारला आणि फुललेल्या कुरळ्या केसांचा अफ्रो अभिमानानं वाढवला. कायदा मागे रेंगाळला. बारीक वेण्या घालून कामावर येण्याचा हक्क मागणाऱ्या रेने रॉजर्स 1981 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सविरुद्धचा खटला हरल्या. केसांच्या ठेवणीवरून भेदभावाला मनाई करणारा क्राउन कायदा कॅलिफोर्नियात आला तो 2019 मध्ये.

त्याच वर्षी अभिनेत्री ट्रेसी एलिस रॉस यांचा कुरळ्या केसांच्या प्रसाधनांचा ‘पॅटर्न’ ब्रँड आला. 2024 मध्ये गायिका बियॉन्सेचा ‘सेक्रेड’ आणि गायिका रिहानाचा ‘फेंटी हेअर’. याला मी नुसती धंदेवाईक चलाखी म्हणणार नाही. केस सरळ करणारी रसायनं वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका दुपटीहून अधिक दिसला, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या 2022 च्या अभ्यासात आढळलं. आपले केस आहेत तसे सांभाळायची सोय मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण तारका विकतात ती सोय. हक्क रॉजर्ससारख्यांनी भांडून मागितला.

या बाजारात आपणही आहोत. तिरुमलाला भाविकांनी अर्पण केलेले केस लिलावात जातात आणि त्यांचे विग कृष्णवर्णीय बायकांपर्यंत पोहोचतात. ‘चांगले केस’ म्हणून तिथे आपलेच केस खपतात.

आणि तसे कुरळे केस आपल्या शेजारीही आहेत. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून माणसं आणून जुन्या गोव्याच्या बाजारात विकली. त्यातल्या कित्येकांनी पळून घाटावरचं रान गाठलं. कर्नाटकातल्या यल्लापूर, हल्याळकडच्या सिद्दी समाजात त्यांचे वंशज आहेत. ते कोकणी बोलतात, मराठीही बोलतात. 2003 पासून अनुसूचित जमातीत आहेत. तरी शहरात आले की लोक त्यांना देश विचारतात. आपल्याच बाजारपेठेनं विकलेल्या माणसांच्या नातवंडांना आपण परके ठरवावं, याची मला लाज वाटते.

अनेक शाळांत मुलींना दोन वेण्या आणि रिबिनी सक्तीच्या असतात. हा नियम करताना सिद्दी मुलीचे आखूड, घट्ट कुरळे केस कुणी डोळ्यांसमोर आणले नाहीत. तिच्या केसांसाठीचं महागडं क्रीम हल्याळच्या दुकानात यायचं तेव्हा येवो. शाळेचा नियम या जूनपासून बदलता येईल.