माळावरचे पाहुणे

दौंडच्या दक्षिणेस, बारामती तालुक्यातील सुपे येथे मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेले, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे हे माळरान चिंकारा हरणांचे आश्रयस्थान होय. २०२४ साली वनविभागाने शिर्सुफळ व इंदापूरमधील कडबनवाडी येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. पावसाळा सरून गवत पिवळे पडले की पाहुणे लांडगा पाहावयास येतात आणि गावचे तरुण त्यांचे वाटाडे होतात.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. पाहुण्याने पैसे मोजलेले असतात, लांडगा दूर असतो. “गाडी थोडी पुढे घ्या ना, दादा,” असा आग्रह होतो. वाटाड्याने कोणाचे ऐकावे? आम्हांस वाटते, त्याने नम्रपणे नकार द्यावा. हिवाळ्याच्या तोंडावर लांडगीची पिले बिळात असतात. माणसांची वर्दळ वाढली तर ती त्यांना घेऊन अन्यत्र जाते. प्राणी दाखविणे हा वाटाड्याचा व्यवसाय असला, तरी त्यांना राखणे हे त्याचे आद्य कर्तव्य आहे.

पाहणाराही जबाबदारीतून सुटत नाही. ज्या लांडग्याच्या दर्शनाने आपण हरखतो, तोच धनगराचे कोकरू उचलून नेतो. शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात तर २०२५ साली बिबट्याने माणसांचे प्राण घेतले. आनंद आपला आणि भय त्यांचे, ही वाटणी न्याय्य कशी म्हणावी? सृष्टी परमेश्वराची आहे, असे आपण मानतो. मग तिचे सुख घेताना तिच्यामुळे ज्याची हानी होते, त्या मेंढपाळाची विचारपूस केल्यावाचून आपण माळावरून परतू नये.