आवाज बाहेरचा की घरचाच?



माझं माहेर नारायणगावचं. तिथून जवळ खोडदच्या शिवारात जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं झालेली. ४५ मीटर रुंदीच्या ३० तबकड्या, त्यातल्या काही तर २५ किलोमीटरच्या परिसरात लांब लांब पसरलेल्या. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला नातवाला घेऊन गेले होते. आत मोबाइल बंद करायला लावतात. आकाशातून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण, की आपल्या खिशातला फोनसुद्धा त्यांना झाकून टाकतो.

नातू म्हणाला, "आजी, वर कुणी असेल आणि बोललं, तर ऐकू येईल?"

असा शोध माणसानं खरंच चालवलाय. १९६० साली अमेरिकेत फ्रँक ड्रेक यांनी दोन ताऱ्यांकडे दुर्बीण वळवून कान लावला. तेव्हापासून अनेकांनी ऐकलं, पण खात्रीचा एकही निरोप आलेला नाही. संशयास्पद खुणा मात्र पुष्कळ येतात. मग शास्त्रज्ञ काय करतात? दुर्बीण त्या ताऱ्यावरून बाजूला वळवतात. तरीही खूण येतच राहिली, तर ती ताऱ्याची नाही, आपल्याच पृथ्वीवरची आहे असं धरतात.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला काही विचित्र लहरी कित्येक वर्षं चकवत होत्या. २०१५ साली उलगडा झाला. वेळ संपण्याआधीच कुणीतरी तिथल्या मायक्रोवेव्हचं दार उघडायचं, त्याच त्या लहरी! स्वयंपाकघर त्यांचंच.

हे वाचलं आणि मी थबकले. कारण त्याआधी तीन आठवडे मी सूनबाईशी कामापुरतंच बोलत होते. ती म्हणाली होती, "आई, राहू द्या, मी करते." मला ऐकू आलं, "तुमच्याच्यानं आता होत नाही." मग तिच्या प्रत्येक वाक्यात मला तेच ऐकू यायला लागलं. मुलगा बोलला तरी तेच, शेजारीण बोलली तरी तेच. म्हणजे दुर्बीण कुठेही वळवा, खूण कायम! आवाज माझ्याच मनातला होता. म्हातारपणाची भीती बोलत होती.

शेवटी तिला विचारलं. ती म्हणाली, "अहो आई, त्या दिवशी तुमचा गुडघा सुजला होता ना!"

नवविधा भक्तीत श्रवण पहिलं. पण ऐकण्याआधी आपला फोन बंद करावा लागतो, हे मला खोडदला कळलं. याचा अर्थ दुसऱ्याचं कधीच चुकत नाही असा नाही. दुर्बीण वळवून पाहिली आणि तरी बोचरं बोलणं तिकडूनच, पुन्हापुन्हा येतंय असं दिसलं, तर तेही मान्य करावं आणि शांतपणे समोर बोलावं. तपासल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, एवढंच.

शास्त्रज्ञ साठ वर्षांहून जास्त काळ उत्तराशिवाय ऐकताहेत, पण नसलेलं उत्तर मनानं रचत नाहीत. आपलं माणूस तर शेजारच्या खोलीतच असतं. त्याला विचारता येतं.

या आठवड्याचा अभ्यास: मनाला लागलेलं एक वाक्य आठवा, आणि ते बोलणाऱ्याला प्रेमानं विचारा, "तुला काय म्हणायचं होतं?"

जय गुरुदेव 🙏