सैल वायसर

ब्रह्मपुरीत एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं. हाताखाली दोन पोरं होती. थोरल्याचा हात झरझर चाले. धाकटा मंद नव्हता, पण प्रत्येक गोष्ट पुसून, उलटून पाहिल्याशिवाय पुढं सरकत नसे.

ऐन रोवणीच्या दिवसांत एकाच सकाळी दोन ट्रॅक्टर दुकानात आले. एक नागभीडकडचा, दुसरा वैनगंगा ओलांडून आरमोरीहून. दोघांचं दुखणं एकच: हेड गॅस्केट गेलेलं. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत होते आणि धूर पांढरा निघत होता. इंजिनंही दोन्ही एकाच कंपनीची, एकाच मापाची. दोन्ही मालकांचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, 25 दिवसांचे झाले होते. चिखलणी लांबली की पऱ्हे जून होतात आणि धानाला फुटवे कमी येतात. त्यामुळे घाई दोघांनाही सारखीच.

मिस्त्रीनं एकेक ट्रॅक्टर एकेका पोराच्या हवाली केला आणि टॉर्क पाना समोर ठेवून म्हणाला, "पुस्तकात 12 किलोग्रॅम-मीटर लिहिलं हाय. पण एकदम 12 वर जायचं नाही. सगळे बोल्ट आधी 4 वर, मग 8 वर, मग 12 वर. मधल्या बोल्टापासून सुरू करायचं आन् दोन्ही बाजूनं बाहेर जायचं."

"मधूनच कायले जी?" धाकट्यानं विचारलं.

"सतरंजी आथरताना मधून हात फिरवला, तर सुरकुती कडेले निघून जाते. कडा आधी दाबल्या तर ते मधातच राहते. गॅस्केटचंही तसंच हाय."

थोरल्यानं हेड उतरवलं, जुनं गॅस्केट खरवडलं, नवं बसवलं. ताटलीत पडलेले बोल्ट उचलून तसेच लावले. मिस्त्रीनं सांगितलेला क्रम मात्र त्यानं तंतोतंत पाळला: मधून बाहेर, 4, 8, 12. प्रत्येक बोल्टाला पान्यानं 'टिक' केलं. दुपारी ट्रॅक्टर सुरू झाला. मालक इतका खूश झाला, की त्यानं सगळ्या दुकानाला चहा पाजला.

धाकटा तोवर बोल्ट डिझेलमध्ये धूत बसला होता. तारेच्या ब्रशनं आटे घासून झाल्यावर त्यानं एकेक बोल्ट डोळ्यापुढं धरून पाहिला. दोन बोल्ट मधेच बारीक झालेले, म्हणजे ताणून गेलेले निघाले. ते त्यानं बाजूला टाकले आणि नवे आणवले. हेड उचलताना इंजिनातलं पाणी ब्लॉकच्या भोकांत उतरलं होतं. काडीला चिंधी गुंडाळून त्यानं प्रत्येक भोक कोरडं केलं, टॅप फिरवून आतले आटे साफ केले, वर हवा मारली. मग आट्यांना आणि बोल्टाच्या डोक्याखाली तेलाचं बोट लावलं. एवढ्यात अंधार पडला. आरमोरीचा मालक चिडून म्हणाला, "त्याचा ट्रॅक्टर गेला बी, आन् तू अजून बोल्टच पुजून रायला!" हेड दुसऱ्या दिवशी सकाळी कसलं गेलं. तेही तसंच: मधून बाहेर, 4, 8, 12.

तिसऱ्या दिवशी नागभीडचा ट्रॅक्टर ओढून आणावा लागला. पाणी उकळत होतं.

थोरला रडकुंडीला आला. "मिस्त्री, खोटं नाही बोलत जी. सगळे बोल्ट 12 वरच 'टिक' झाले होते."

"मी कुठं खोटं म्हणतो?" मिस्त्री म्हणाला. "इंजिन थंड होऊ दे. मग तो कडेचा बोल्ट पुन्हा कसून पाय."

थोरल्यानं पाना लावला. लगेच 'टिक' झालं.

"आता त्याच्या खालच्या वायसरले बोट लाव."

त्यानं बोट लावलं. वायसर गरकन फिरला. पाना 12 सांगत होता आणि बोल्टाखालचा वायसर सैल होता!

मिस्त्रीनं तो बोल्ट काढायला लावला. टोकाला गंजाचा आणि मातीचा ओला लगदा चिकटला होता. "बोल्ट हेडवर नाही, भोकातल्या कचऱ्यावर टेकला. नशीब, भोकातल्या पाण्यापायी ब्लॉक तडकला नाही. पाना खोटं बोलत नाही, बाबू. पण त्याले एकच गोष्ट समजते: तुझा हात किती जोरानं वढते. बोल्ट हेडले किती धरून हाय, हे त्याले ठाऊक नाही. अरे, साफ, तेल लावलेल्या बोल्टातही दहातले नऊ हिस्से जोर घासण्यातच जाते. एक हिस्सा बोल्टाले ताणते, आन् त्या ताणावरच हेड टिकून राहते. डिझेलच्या सिलिंडरात हवा 16 ते 18 पट दाबल्या जाते; गंजानं तो एक हिस्साही खाल्ला, तर हेड कशाच्या भरवशावर राहील?"

थोरल्यानं हेड पुन्हा उतरवलं आणि या वेळी बोल्ट धुण्यापासून सुरुवात केली. नागभीडच्या मालकाला दुसऱ्या गॅस्केटची वाट पाहावी लागली. त्याचे पऱ्हे त्या दिवसांत जून झाले. आरमोरीच्या बांध्यांत तोवर रोवणी उरकत आली होती.

तात्पर्य: मापाचा आकडा आपण लावलेला जोर दाखवतो, पोचलेला जोर दाखवत नाही. कामाआधीची साफसफाई कुणाला दिसत नाही, म्हणून ती टाळू नये. आणि आकडा गाठल्यावर, ज्यासाठी काम केलं ते खरंच पक्कं झालं का, हे हात लावून पाहावं.